चार बोटं कमी पडलेलं रबर

या, बसा. पंखा तुमच्याकडे फिरवतो. घाई असेल तर आत्ताच सांगा, कारण ही गोष्ट अर्धी ऐकून उठलात तर काटेवाल्यांना वेडं म्हणाल, आणि ते मला चालायचं नाही. बत्तीस वर्षं ज्या माणसानं ट्रक तोलले, एक किलो इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो माणूस गाडीच्या दाराच्या रबरात कसा फसला ते सांगतो. मध्ये मध्ये हसू येईल. खुशाल हसा. पण बेतानं हसा, कारण एका म्हातारीचं राहणं आणि जाणं त्या रबराला लटकलेलं होतं.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव आता पोस्टमन सोडला तर कुणाला माहीत नसेल. रस्त्याच्या कडेला तो मोठा वजनकाटा असतो ना, ट्रक अख्खा वर चढवतात तो, तिथल्या खिडकीत ते बसायचे. ट्रक आला, काटा थरथरला, थांबला, की चिठ्ठी फाडून हातात. ट्रकवाला म्हणायचा, "साहेब, जरा बघा ना, थोडं इकडे तिकडे." काटेवाले मान वर न करता म्हणायचे, "काटा चुकत नाही." संपलं. नोकरी संपली तरी ही खोड गेली नाही. "अंदाजे" हा शब्द त्यांच्यापुढे काढला तर आईवरून शिवी दिल्यासारखं तोंड करायचे. घरी भाजी आली की परत तोलायची. जास्त भरली की आनंद नाही, कमी भरली की राग नाही, नुसतं "हं". असा माणूस. बायकोनं कसं निभावलं ते तिलाच ठाऊक. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो, आणि मनातल्या मनात हात जोडतो.

आता गाडी. गाडी त्यांची नव्हेच. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. बहिणीला सगळे अक्का म्हणतात. अक्कांच्या नवऱ्यानं ती कोरी करकरीत घेतलेली, चाळीस वर्षांपूर्वी. ते गेले, गाडी भावाकडे आली. देताना अक्का एवढंच म्हणाल्या होत्या, "चालती ठेव." काटेवाल्यांनी चालती ठेवली. दिसती ठेवली नाही. ऊन खाऊन खाऊन तिचा रंग असा झाला होता, की विचारलं तर कुणी राखाडी सांगे, कुणी मातकट, आणि एका चहावाल्यानं तर "कसलाच नाही" असं सांगितलेलं.

तर झालं काय, अक्कांच्या मुलानं ठरवलं, आईला आता आपल्याकडे न्यायचं. लांब नोकरी, रेल्वेनं दीड दिवसाचा रस्ता. आई एकटी राहते हे त्याला बरं वाटेना. चांगलाच मुलगा, त्यात वाद नाही. अक्कांनी घर रिकामं केलं, शेवटचे तीन आठवडे भावाकडे राहायला आल्या, आणि चहा पिता पिता म्हणाल्या, "बाबू, स्टेशनवर मला ह्याच गाडीतून सोड. ते असते तर त्यांनीच सोडलं असतं. पण असल्या अवतारात नको. भाजून काढलेल्या म्हशीसारखी दिसतेय ती."

काटेवाले म्हणाले, "तीन आठवडे आहेत. होऊन जाईल."

एवढंच म्हणाले. म्हणायचं दुसरंच होतं. वहिनी आत भांडी घासता घासता ऐकत होत्या. रोज सांगायच्या, "अहो, विचारा की त्यांना, राहा म्हणावं इथेच. पुढची खोली रिकामी पडलीये." काटेवाले म्हणायचे, "मुलाचा हक्क आहे. मध्ये बोलणारा मी कोण?" आकड्यात न बसणारी गोष्ट त्यांच्या तोंडातून बाहेरच पडायची नाही. मग त्यांनी सगळी माया त्या रंगात ओतायची ठरवली. बोलता येत नाही ना, मग गाडी अशी करून दाखवीन, की स्टेशनावरची माणसं वळून बघतील.

रंगारी आला. बारीक माणूस, गाडीकडे असा बघायचा, जसा डॉक्टर हात टेकून पेशंटकडे बघतो आणि घरचे अंगारा आणायला धावतात. टपावरून हात फिरवला, दाराच्या फटीत नख घातलं आणि विचारलं, "रबरं काढायची, का कागद चिकटवून वरच्यावर मारू?"

"काढायची," काटेवाले म्हणाले. "रबरं काढायची, त्या चकचकीत पट्ट्या काढायच्या, सगळं काढायचं. दार उघडल्यावर आतली कड जुन्या रंगाची दिसली तर मला झोप लागायची नाही."

"तुटतील. चाळीस वर्षांची आहेत."

"नीट काढलं तर काही तुटत नाही. मी स्वतः काढतो."

आणि काढली. बाजूच्या चकचकीत पट्ट्या क्लिपांवर बसवलेल्या असतात. सोळा क्लिपा होत्या. काटेवाल्यांनी चष्मा पुसला, पातळ पाना घेतला, पट्टीखाली अलगद सरकवला. टक्. पहिली तुटली. ते म्हणाले, "ही आधीच तुटलेली होती." टक्. "हीपण." अकराव्या क्लिपेनंतर त्यांनी बोलणं बंद केलं. सोळाच्या सोळा तुटल्या. एकही वाचली असती तर माणसाला जरा आधार वाटतो. रबराची तर कथाच वेगळी. वाळलेल्या सालीसारखे तुकडे हातात यायला लागले, कुठे वीतभर, कुठे बोटभर. काटेवाल्यांनी प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घातला आणि ओळीनं पुढच्या खोलीत जमिनीवर मांडून ठेवले. तेव्हापासून त्या खोलीत पाय टाकायची कुणाला परवानगी नव्हती. अक्का भिंतीला धरून आत-बाहेर करायच्या.

पण त्या पट्ट्यांखाली काय निघालं माहितीये? रंग. मूळचा. दोन बोटं रुंदीचा पट्टा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, उन्हानं कधी न बघितलेला. निळा, पण शाईचा निळा नव्हे. सकाळी नऊ वाजता आभाळ असतं ना, ढग नसताना, तसा. अक्कांना बोलावलं. त्या आल्या, वाकल्या, एक बोट त्या पट्ट्यावरून ह्या दारापासून त्या दारापर्यंत नेलं आणि म्हणाल्या, "हाच. बघ, मी विसरलेच होते." मग आत निघून गेल्या. त्या दिवशी जेवल्याही कमीच.

म्हणजे रंग ठरला. आता कुणी मध्ये यायचं कारण नव्हतं. म्हणून कचेरी आली.

गाडीचा रंग बदलायचा तर गाड्यांच्या कचेरीत कळवावं लागतं. काटेवाले नियमाचे भोक्ते, आपणहून गेले. खिडकीतल्या कारकुनानं गाडीचं पुस्तक उघडलं. "यात रंग राखी लिहिलाय. तुम्हाला निळा हवा, म्हणजे बदल."

"बदल नाही हो. ती मूळचीच निळी आहे. आता परत निळी करतोय."

"पुस्तकात राखी आहे."

"पुस्तकात लिहिताना चूक झाली असेल."

कारकुनानं चष्मा काढला. "पुस्तक चुकत नाही, साहेब."

आता बघा. बत्तीस वर्षं हेच वाक्य काटेवाल्यांनी दुसऱ्यांना ऐकवलेलं. खिडकीच्या आत बसून. आज पहिल्यांदा खिडकीच्या बाहेर उभं राहून ऐकलं. बाहेरून ते वाक्य कसं लागतं ते त्यांना माहीतच नव्हतं. घरी येऊन बराच वेळ ते पायरीवर बसून होते. वहिनींनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. ते ट्रकवाले आठवले."

दुसऱ्या दिवशी परत गेले. कारकून म्हणाला, बदलाचा अर्ज द्या. अर्ज दिला. मग म्हणाला, गाडी रंगवून आणा, साहेब बघतील, मग मंजुरी. रंगारी म्हणाला, मंजुरी आणा मग रंगवतो, मागे एका गाडीत फसलोय मी. हा म्हणतो आधी रंग, तो म्हणतो आधी कागद. काटेवाले मध्ये. शेवटी कारकुनाला दया आली. म्हणाला, "रंगाचा नमुना आणून द्या. कागदाबरोबर जोडतो."

आता दुसरा कुणी असता तर त्यानं पुठ्ठ्यावर रंगाचा एक फटकारा मारून नेला असता. काटेवाल्यांनी विचार केला, पुठ्ठ्यावरचा रंग वेगळा आणि पत्र्यावरचा वेगळा. नमुना म्हणजे नमुना. त्यांनी पेट्रोलच्या टाकीवरचं छोटं झाकण असतं ना, बाहेरचं, ते काढलं, रंगाऱ्याकडून निळं करून घेतलं आणि कचेरीत दिलं. कारकुनानं ते फाइलीत ठेवलं, फीत बांधली. फाइल मिटेना. गरोदर बाईसारखी दिसायला लागली. पण मंजुरी मिळाली. झाकण मात्र परत मिळालं नाही, कारण ते आता कागदपत्र झालं होतं. गाडी आजही तिथे फडक्याचा बोळा लावून फिरते.

या सगळ्यात अकरा दिवस गेले.

मग रंग लागला. खोटं कशाला बोलू, बघत राहावा असा लागला. रंगाऱ्यानं हात धुतले आणि बजावलं, "नीट ऐका. हा वरून सुकतो, आतून ओला राहतो. आठ दिवस दारं घट्ट लावायची नाहीत, फटीत लाकूड घालून ठेवायचं. आणि आठ दिवसांच्या आत रबर बसवायचं नाही."

अक्कांचं तिकीट पाच दिवसांनी होतं.

काटेवाले म्हणाले, "बरं." आणि दुसऱ्याच दिवशी रबर आणायला निघाले.

आता इथे जरा लक्ष द्या, कारण खरी चूक इथे झाली, आणि अशी चूक त्यांच्याशिवाय कुणाच्या हातून व्हायची नाही. नवं रबर आणायचं म्हणजे लोक काय करतात? दाराची कड मोजतात, वर थोडं जास्त घेतात. काटेवाल्यांनी दार मोजलंच नाही. कशाला मोजायचं? जुनं रबर जमिनीवर मांडलेलं होतंच. वहिनींच्या शिलाईच्या पेटीतली टेप घेतली, गुडघ्यावर बसले आणि एकेक तुकडा सुताच्या हिशेबानं मोजून बेरीज केली. दोनदा केली. दोन्ही वेळा तीच आली.

कोपऱ्यावरचा शिंपी तेव्हा दारातच होता, अक्कांच्या प्रवासाच्या पिशव्या शिवून द्यायला आला होता. तो म्हणाला, "काटेवाले, मापाला माप कापू नका बरं. जुनं कापड धुऊन धुऊन आटतं. हे तर रबर, चाळीस वर्षं उन्हात. आटलेलं असणार. चार बोटं जास्त सोडा."

"तुम्ही अंदाजानं शिवता म्हणून सोडता," काटेवाले म्हणाले. "मागच्या वर्षीच्या माझ्या विजारीत दोन माणसं मावतात."

"मावतात ना? कमी तर नाही पडली?"

"जे होतं तेवढंच जाईल. जे होतं ते मोजलंय."

शिंपी पिशव्या ठेवून गेला.

दुकानदारानं रबर कापून दिलं. त्याच्याकडे त्या जातीचं तेवढंच उरलं होतं, पुढचा माल महिन्यानं. काटेवाल्यांनी पुढच्या डाव्या दारापासून सुरुवात केली. खालून वर, वरून कोपरा, कोपऱ्यावरून खाली. आणि शेवटाला रबर संपलं. दार संपलं नव्हतं. चार बोटं.

ते उभे राहिले. खाली बसले. परत उभे राहिले. टेप आणून परत मोजलं. रबर बरोबर होतं. मग दार मोजलं. दारही बरोबर होतं. दोन बरोबर गोष्टी एकमेकींत बसत नाहीत म्हणजे काय, हे माणसाला उतारवयात कळावं, याच्यासारखं दुःख नाही. चारही दारांना तीच गत. समोर अक्का खुर्चीवर बसून स्वेटर विणत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही."

"कमी पडलं का?"

"नाही. बसतंय."

एकदा तोंडातून गेलं ना, मग बसवायलाच पाहिजे. ताणून बसवलं. टोकाला टोक लावलं, बरं दिसलं. सकाळी उठून बघतात तर रबर आपल्या मापावर परत गेलेलं, चारही कोपऱ्यांतून जीभ काढून बाहेर लोंबतंय. वहिनी म्हणाल्या, "शिंप्याला विचारू या का?" काटेवाल्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग ते कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे डब्यात सोल्यूशन असतं, तो म्हणाला, "हे लावा. चप्पल झिजून जाईल पण तळ सुटणार नाही." काटेवाल्यांनी अख्खा डबा आणला. जिथे एक हात लावायचा तिथे तीन लावले. रबर ताणलं, दाबलं आणि सुटू नये म्हणून वहिनींचे कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे लावले. चार दारांना मिळून बहात्तर चिमटे. दोन दिवस गल्लीत वहिनींचे कपडे उडत होते आणि गाडी साळिंदरासारखी उभी होती.

पण ताणलं की रबर बारीक होतं. बारीक झालं की फट राहते. फटीतून वारा यायला लागला, तर त्याखाली सायकलच्या ट्यूबची एक पट्टी चिकटवली. तिला वर परत सोल्यूशन. आता दार लावायला खांदा लागायला लागला. पुन्हा खिडकीच्या काचेच्या खाचेत मखमलीसारखी पट्टी असते, तीही बदलायची होती. एकदा कमी पडलं म्हणून इथे त्यांनी शिंप्याचं ऐकलं. चार बोटं जास्त घातलं. नको तिथे. चारही काचा खाली उतरायला लागल्या, चार बोटं उतरल्या आणि थांबल्या. ना वर, ना खाली.

शिंपी एकदा गाडीजवळून गेला. थांबला, चिमट्यांकडे बघितलं. नुसता गेला. ते फार लागलं काटेवाल्यांना.

जायचा दिवस उजाडला. रेल्वे दुपारी बाराला. दारं सकाळपर्यंत लाकूड घालून उघडी ठेवलेली. अक्कांचं सामान मागच्या डिकीत गेलं. वहिनी स्टेशनवर आल्या नाहीत. "मला तिथे रडू येतं," म्हणाल्या, आणि तिथेच रडल्या. अक्का पुढे बसल्या, नवऱ्याच्या शेजारी बसायच्या त्याच जागेवर. काटेवाले स्टेअरिंगला. दारं खांद्यानंही लागेनात, तेव्हा गल्लीतल्या चार जणांनी चार दारं धरली. शिंपी म्हणाला, "एक, दोन, तीन." धाड. चारही लागली. आत असा आवाज झाला की अक्कांनी कानावर हात ठेवला. काटेवाले म्हणाले, "बघितलंस? वारा आत येणार नाही."

वारा आला नाही. तेवढं मात्र त्यांचं खरं ठरलं.

ऊन कडक होतं. स्टेशनच्या दारात पोहोचले तेव्हा बाराला चाळीस मिनिटं होती. खरंच लोक वळून बघत होते. निळी गाडी, नव्या क्लिपांवर बसवलेल्या चकचकीत पट्ट्या. काटेवाल्यांनी ऐटीत कडी ओढली. कडीचा आवाज झाला. दार जागचं हललं नाही. परत ओढली, खांदा मारला. अक्कांनी त्यांच्या बाजूचं बघितलं. तेही तसंच. मागची दोन्ही तशीच. उन्हानं आतला कच्चा रंग मऊ पडलेला, त्यात तीन हाताचं सोल्यूशन वितळून फटीत उतरलेलं, आणि वरून चार जणांचा जोर. चारही दारं गाडीला चिकटली होती. चप्पल झिजेल पण तळ सुटणार नाही, ते खरं होतं.

काटेवाल्यांनी हॉर्न वाजवला. एक हमाल आला. "काय काका, उतरा की."

"दार लागलंय."

"दार तर सगळ्यांचंच लागतं. उघडा."

"उघडत नाहीये."

हमालानं बाहेरून ओढलं. मग दुसरा आला. मग एक टॅक्सीवाला. पहिला हमाल म्हणाला, "पाय लावून ओढतो."

"रंगाला पाय लावू नका!" काटेवाले आतून ओरडले.

"मग काय, हाका मारून उघडू?"

टॅक्सीवाला म्हणाला, "काच फोडून टाकू. मिनिटाचं काम."

अक्का पहिल्यांदा बोलल्या. "काच फोडायची नाही. आमच्या ह्यांनी बसवलेली काच आहे." आणि त्यांचा आवाज असा लागला की टॅक्सीवाल्यानं हातातला पाना पाठीमागे लपवला.

गर्दी झाली. काचेच्या चार बोटांच्या फटीतून माणसं सल्ले देत होती. एक म्हणाला गाडी हलवा. हलवली, म्हणजे सहा जणांनी धरून गदागदा. एक म्हणाला बर्फ लावा. एका बाईनं पाण्याची बाटली आत सरकवायचा प्रयत्न केला, ती फटीत मावेना, तेव्हा अक्कांनी ओंजळ लावली आणि तिनं बाहेरून धार धरली. कुणी तरी विचारलं, "आत काय बंद करून ठेवलंय?" हमाल म्हणाला, "काही नाही, भाऊ-बहीण आहेत." हमालानंच काटेवाल्यांकडून नंबर घेऊन रंगाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, पाऊण तास लागेल, तोवर कुणी हात लावू नका.

आणि बारा वाजले. भोंगा झाला. स्टेशनच्या भिंतीवरून रेल्वेच्या डब्यांची टपं तेवढी दिसत होती. एकामागून एक सरकायला लागली. काटेवाले सवयीनं मोजत गेले. अठरा. मग नुसतं आभाळ राहिलं.

गर्दीला आता बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. लोक पांगले. हमाल सावलीला जाऊन बसला. गाडीत दोघंच. घामाच्या धारा. अक्का समोर बघत होत्या, काटेवाले स्टेअरिंगकडे.

मग अक्का म्हणाल्या, "बाबू, तू हे मुद्दाम केलंस ना?"

काटेवाल्यांनी अक्कांकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्या विचारत होत्या. आणि विचारताना अक्कांचे डोळे असे झाले होते, जणू "हो" हे उत्तर यावं म्हणून कुणी तरी देव पाण्यात ठेवलेत.

आता त्यांची काय अवस्था झाली असेल बघा. खरं सांगायचं तर, "नाही अक्का, माझं माप चुकलं. शिंपी बरोबर होता." मग उद्याचं तिकीट, उद्याची रेल्वे, आणि पुढची खोली रिकामी. खोटं सांगायचं तर आयुष्यातली पहिली खोटी चिठ्ठी फाडायची. ट्रकवाल्यांनी काय काय केलं होतं, पाया पडले, धमक्या दिल्या, चिठ्ठीवरचा आकडा हलला नव्हता.

काटेवाल्यांनी स्टेअरिंग घट्ट धरलं.

"हो," म्हणाले.

"काय हो?"

"मुद्दाम केलं. चार बोटं मुद्दाम कमी घेतलं. चारही दारांना." एवढं बोलून झालं आणि मग, खोट्याला वाट मिळाली म्हणून त्याच्यामागून खरंही बाहेर पडलं. "तू जाऊ नकोस. पुढची खोली आहे. सकाळचं ऊन येतं तिथं. हिलापण बरं वाटेल. मला... मलापण."

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. घाम होता की काय, मी तिथे नव्हतो. मग म्हणाल्या, "मग आधी बोलायचं होतंस, मेल्या. एवढं रबर कशाला वाया घालवलंस?"

रंगारी आला. बाटलीत साबणाचं पाणी आणि बारीक दोरा घेऊन आला होता. पाणी फटीत सोडलं, दोरा आत घातला आणि करवतीसारखा मागे-पुढे ओढत सगळ्या कडेनं फिरवला. दार फाटल्यासारखा आवाज करत उघडलं. रबराला तीन हात लांब निळ्या रंगाचा पापुद्रा चिकटून बाहेर आला. रंगाऱ्यानं तो धरून वर केला.

"कुणी केलं हे? माप कुणी घेतलं?"

अक्का शेजारीच उभ्या. हमाल, टॅक्सीवाला परत जमलेले. काटेवाल्यांनी मान ताठ केली.

"मी. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

रंगाऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं, रंगाकडे बघितलं, मग कपाळाला हात लावून दुसऱ्या दाराकडे गेला. टॅक्सीवाला हमालाला हळूच म्हणाला, "जपून बोल. असली माणसं चावतात." हे काटेवाल्यांनी ऐकलं. काटा चुकवला हे कबूल करण्यापेक्षा वेडं ठरणं त्यांनी पत्करलं, असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही. त्या क्षणी त्यांना काट्याची आठवण तरी होती का, मला शंका आहे.

अक्का राहिल्या. मुलगा आधी चिडला, मग चार दिवस येऊन राहून गेला, पुढच्या खोलीतलं ऊन बघितलं आणि एकटाच परत गेला. रबरही महिन्यानं नवं आलं. या वेळी शिंप्यानं मोजून दिलं.

आता शेवटचं, आणि ते तुमच्याजवळच ठेवा. अक्कांनी वहिनींना सांगितलं, वहिनींनी शिंपिणीला, तिथून आलंय. अक्का म्हणाल्या, "मुद्दाम कसलं? त्याला मुद्दाम चुकता यायचं नाही, मी त्याला कडेवर घेऊन फिरलेय. खोटं बोलला की त्याचे कान पेटतात. त्या दिवशी दोन्ही लालभडक होते. म्हटलं, जन्मात पहिल्यांदा एवढं बोलतोय, तर आपण खरं मानावं."

तर तुम्ही आता त्या गल्लीतूनच जाणार. ते बाहेर गाडी पुसत असतील, निळी आहे, लगेच दिसेल. तुम्हाला थांबवतील, रबराची गोष्ट सांगतील, आणि सांगताना "मुद्दाम" वर जोर देतील. कानाकडे बघू नका. नुसती मान हलवा आणि म्हणा, "वा काटेवाले, काय डोकं चालवलंत." तेवढं करा माझ्यासाठी.